सरांनी माझ्या आईला माफ केलं

सामंत सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला आला. ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला, तर सरांच्या धाकट्या भावानं दोन वाक्यांत काय ते सांगितलं आणि फोन ठेवला. मला रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता हे आईला कसं सांगायचं? सर माझे गुरू. आईचे ते नात्यानं कोणीच नव्हते. शाळा सुटल्यावर मुरबाडची एसटी धरली आणि तिथून वैशाखऱ्याच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या वस्तीवर पोहोचले. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी अशी मधल्याच वारी आलेली पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं. "सर गेले," मी म्हटलं. तिनं रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "जाताना काय बोललं का?"... मी नाही म्हणून मान हलवली. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली.

सरांच्या आठवणींच्या या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. "तुम्ही त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी, तुम्ही नाही लिहिणार तर कोण?" असा आग्रह झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडं रीत आहे, आणि सरांबद्दल चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ते मी लिहिणार आहे, हात आखडता घेणार नाही. पण माझ्या आईच्या डोक्यावर सरांनी एक खापर फोडलं होतं. ते स्वतः वस्तीवर येऊन, चारचौघांसमोर, आपल्या तोंडानं उतरवीन असा शब्द त्यांनी मला दिला होता, आणि आई त्या शब्दावर वर्षानुवर्षं वाट बघत बसली होती. तो शब्द न पाळता ते गेले. एवढं गाळून त्यांच्यावर लिहायचं म्हणजे त्यांच्याच खोटेपणात भागीदारी करायची. ते मला जमणार नाही.

सर आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मुली सातवीनंतर शाळेत का येत नाहीत, हे विचारायला ते आमच्या वस्तीवर आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं. गावातले बाकीचे मास्तर आलेच तर वस्तीच्या तोंडाशी उभे राहून हाक मारायचे. सर सरळ आत आले, आमच्या ओट्यावर बसले आणि आपण होऊन पाणी मागितलं. आईनं तांब्या घासून घासून इतका लख्ख केला, की सर म्हणाले, "वहिनी, पाणी प्यायचंय, तोंड नाही बघायचं त्यात." आई हसली. वडील लवकर गेल्यामुळं आमच्या घरात मोठ्यानं हसायची सवयच राहिली नव्हती. त्या दिवसापासून माझी शाळा सुटली नाही. दहावीनंतर कल्याणच्या कॉलेजात घालायला सर स्वतः माझ्याबरोबर आले, राहायची सोय त्यांनीच बघितली. वर्गात ते चुन्याची निवळी, लिंबू, कोळसा, तुरटी असलं काहीबाही घेऊन यायचे आणि त्यातून सगळं जग उलगडून दाखवायचे. मी भीत भीत उत्तर द्यायचे, तर म्हणायचे, "सुजाता, उत्तर बरोबर आहे गं, पण तू ते असं सांगतेस जशी काय चोरी कबूल करतेस." आज मी वर्गात जे काही बरं शिकवत असेन ते त्यांचं आहे. हे मी मनापासून लिहितेय, आणि पुढचंही तसंच लिहिणार आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी शहापूरला नोकरीला लागले होते, रविवारी घरी यायचे. गावात पाटलांच्या वाड्यामागं गोबरगॅस होता. त्यांच्या गोठ्यात ढोरं भरपूर, त्यांची चूल गॅसवर. वस्तीवर कोणाच्या दारात शेळीच्या वर जनावर नाही. बायका लाकडाला रानात आणि पाण्याला ओढ्यावर. एका रविवारी सर आमच्या ओट्यावर चहा पीत म्हणाले, "ज्याच्या दारात ढोर नाही त्यानं काय जाळायचं, सांग मला." मला वाटलं, नेहमीसारखी कोडी घालताहेत. पण ते कुठल्याशा विज्ञानाच्या मासिकात वाचून आले होते. भाताचा कोंडा, शिळा भात, बाजारात फेकलेली भेंडी-काकडी, फणसाची सालं असलं कुजकं-नासकं हवाबंद पिंपात ठेवलं, तर त्यातला गोडवा खाऊन काही जंतू हायड्रोजन सोडतात. हायड्रोजन जळतो, आणि जळून धूर नाही की काजळी नाही, नुसतं पाणी होतं. "टाकाऊ मालावर चालणारी चूल!" सर म्हणाले. "ढोर नको, रान नको. मुरबाडच्या बाजारात रोज सडते तेवढी भाजी पुरे." त्यांचे डोळे असे चमकत होते की आईनं त्यांना दुसरा कप चहा दिला आणि अंगणातली जागाही देऊन टाकली.

निळं प्लॅस्टिकचं पिंप आलं, रबरी नळ्या आल्या, गॅस साठवायला पाण्यात पालथा घालायचा डबा आला. सर शाळा करून संध्याकाळी यायचे. बाकी दिवसभर पिंपाकडं बघायची आई. जंतू आणायचे शेणातूनच, पण दह्याला विरजण लागतं तेवढेच, सुरुवातीला एकदा. आणि ते शेण कच्चं चालत नाही. शेणाचं पाणी चांगलं उकळायचं, म्हणजे गोबरगॅस करणारे जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागं राहतात. पाटलांच्या गोठ्यातून मागून आणलेलं घमेलंभर शेण आईनं तीन दगडांच्या चुलीवर शिजवलं, तेव्हा सगळी वस्ती बघायला लोटली. शेजारची चांगुणाबाई म्हणाली, "शेन शिजवते, बया! फोडनी कशाची घालशील गो?" आई म्हणाली, "तू जेवाया येनार आसशील तं लसनाची." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्यांनी आईला बजावून बजावून सांगितलं होतं, की यापुढं पिंपात कच्च्या शेणाचा ठिपकासुद्धा पडता कामा नये. कच्च्यातले जंतू आत शिरले, तर आपले जंतू जो हायड्रोजन करतील तो ते खाऊन टाकतील आणि पाटलांच्या घरचाच गॅस तयार होईल. आईनं ते तिच्या पद्धतीनं लक्षात ठेवलं. पिंपाजवळ कोणाची शेळी जरी आली तरी ती काठी घेऊन धावायची. पोरांना सांगायची, "हात धुऊन या रे, मंगच हात लावा."

पहिल्यांदा गॅस पेटवला तो एका रविवारी भर दुपारी. नळीच्या तोंडाशी सरांनी काडी धरली. 'फट्' असा बारीक आवाज झाला आणि मग... काहीच नाही. जाळ दिसेना. आई म्हणाली, "इझला." सर म्हणाले, "हात धरा वहिनी. वर, जरा लांबून." आईनं हात धरला आणि चटकन मागं घेतला. मीही धरला. तिथं जाळ होता, चांगला कडक जाळ, फक्त उन्हात डोळ्यांना दिसत नव्हता. हायड्रोजनचा जाळ तसाच असतो. मग सरांनी स्टीलची एक थंड ताटली त्यावर क्षणभर धरली आणि उलटी करून आम्हाला दाखवली. काजळीचा डाग नाही. ताटलीवर दव पडल्यासारखे पाण्याचे बारीक थेंब. आईनं त्यातल्या एका थेंबाला बोट लावलं आणि ते बोट ती कितीतरी वेळ बघत राहिली. "जाळातना पानी आला," एवढंच ती म्हणाली. सर माझ्याकडं वळले. ते मला म्हणाले, "बघून ठेव सुजाता. तू साक्षीदार आहेस." मी आजही साक्षीदार आहे. हायड्रोजन खरा होता. थोडा होता, मधूनच बंद पडायचा, पण खरा होता. आमच्या अंगणात, सडक्या भेंडीतून आणि शिळ्या भातातून तो निघाला होता, आणि हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे.

इथंच थांबले असते तर सर माझे देव राहिले असते. पण गोष्ट मुरबाडला गेली, तिथून मुंबईच्या एका संस्थेपर्यंत गेली, आणि संस्थेचे लोक बघायला येणार असं ठरलं. प्रयोग पटला तर ते वस्तीसाठी मोठी टाकी आणि तिच्या गॅसवर चालणारं इंजिन देणार होते, आणि त्या इंजिनावर ओढ्याचं पाणी वस्तीपर्यंत चढणार होतं. बायकांच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. कोणाच्या दारातून पाइप जाणार यावरून दोघींचं आधीच वाजलं. आई त्या दिवसांत ताठ चालायची. बचत गटाच्या बैठकीत तिला पुढं बसवायचे. मी गंमत केली, "आता तुला भेटायला चिठ्ठी पाठवावी लागणार." ती म्हणाली, "पाठव. पन कोराच कागद पाठव, मना वाचता नाय येत." आणि स्वतःच हसली. तिला असं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांच्या भेटीच्या काही दिवस आधी आईची मावशी वारली आणि आईला तिकडं जावं लागलं. "वहिनी, तुम्ही निश्चिंत जा, पिंपाचं मी बघतो," सर म्हणाले. ती परत आली तेव्हा अंगणात पाऊल टाकताच तिच्या लक्षात आलं. मला नंतर तिनं सांगितलं, की घरात परका माणूस येऊन गेल्यासारखं वाटलं. ती सरांना म्हणाली, "सर, वास बदाललाय." सर म्हणाले, "ऊन वाढलंय ना, होतं तसं." सरांचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता. 

पाहुणे आले तेव्हा मी रजा काढून गेले होते. दुपारची वेळ, जीपमधून उतरलेली मोठी माणसं, खुर्च्या पाटलांकडून आणलेल्या. सरांनी काडी लावली आणि निळा, मोठा, डुलणारा जाळ उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "आज जाळ दिसतो कसा गो?" तिनं तेच सरांनाही विचारलं. सर पाहुण्यांकडं बघत, हसत म्हणाले, "दाब वाढलाय." ताटली आईनं घासून, भिजल्या फडक्यात गुंडाळून थंड करून ठेवली होती. ती त्यांनी मागितलीच नाही. संस्थेच्या माणसांनी एका रबरी पिशवीत गॅस भरून घेतला आणि ते गेले.

काही आठवड्यांनी मुरबाडला बैठक झाली. तपासणीत पिशवीतला गॅस बहुतेक गोबरगॅसचाच निघाला होता, हायड्रोजन नावाला. संस्थेचे साहेब नाराज होते, पण रागावलेले नव्हते. त्यांनी सरांना नीट विचारलं, "असं कसं झालं?" सभागृहात वस्तीवरच्या बायका होत्या, गावची माणसं होती, स्थानिक साप्ताहिकाचा बातमीदार होता. आई पुढच्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. सर उठले. चष्मा पुसला. म्हणाले, "देखभाल करणाऱ्या बाई शिकलेल्या नाहीत. गोबरगॅसला रोज शेण घालतात ते त्यांनी पाहिलेलं. आपलंही तसंच असेल असं समजून त्यांनी कच्चं शेण टाकलं. हेतू चांगला होता बिचारीचा." माझा माझ्या कानांवर विश्वासच बसेना. आई उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, पण ती बोलली. "मी नाय टाकला. आमच्या दारात ढोर हाय का? शेन आनू कुठना?" मागून कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. आणि तेव्हा सरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, आईकडं वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "असू द्या वहिनी. माणसाकडून चूक होते. आम्ही कोणी तुमच्यावर रागावलेलो नाही."

त्यांनी तिला माफ केलं. जे तिनं केलंच नव्हतं, ते त्यांनी तिला भरसभेत माफ केलं. सरांनी तिच्यावर ओरडायला हवं होतं, असं मला कितीदा वाटलंय. ओरडले असते तर तिला भांडता आलं असतं. माफी मिळालेल्या माणसानं भांडायचं कसं? ती खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून बैठक संपेपर्यंत तशीच राहिली. साप्ताहिकात बातमी आली ती अशी, की एका अशिक्षित महिलेच्या अज्ञानामुळं एक मोठा प्रयोग फसला. तिचं नावही त्यात नव्हतं. तिचं नाव अनसूया आहे. मी ते इथं लिहिते.

इंजिन आलं नाही, पाणी चढलं नाही. ओढ्यावरून हंडे आणताना बायका आईला ऐकू जाईल असं बोलायच्या. "हिचा हात लागला आन् आपल्या डोक्यावर हंडा ऱ्हायला." बचत गटात तिला कोणी जाऊ नको म्हटलं नाही; तीच जाईना. पोरं तिला 'शेणवाली' म्हणून चिडवायची. मी सभेच्याच आठवड्यात सरांच्या घरी गेले होते. तोंडावर विचारलं, "सर, आईनं खरंच टाकलं?" ते म्हणाले, "झालं ते झालं, आता उगाळून काय मिळणार?" माझी खात्री तिथंच झाली, पण नुसत्या खात्रीला सभेत कोण विचारतं! मी त्यांच्याकडं जाणं सोडलं. शाळेतल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली त्यांचा फोटो होता, तो मात्र मी काढला नाही. का नाही काढला, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मग बऱ्याच वर्षांनी, सर निवृत्त होऊन शहापूरला राहायला आल्यानंतर, एसटी स्टँडवर त्यांनीच मला हाक मारली. थकले होते. कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. चहा आला, त्यांनी कप बाजूला सरकवला. म्हणाले, "सुजाता, ते मीच केलं होतं." पाटलांच्या गोबरगॅसच्या खड्ड्यातून काढलेली पातळ मळी आणि पिंपातला आंबटपणा मारायला वर चुना, दोन्ही त्यांनी स्वतः पिंपात ओतलं होतं, आई मावशीकडं गेली होती तेव्हा. "लोक दुपारी येणार होते. न दिसणारा जाळ दाखवून काय सांगणार होतो मी त्यांना? हसले असते." मी म्हटलं, "ताटली होती. हात होते. फार तर पिंपाभोवती दोन गोधड्या टांगून अंधार केला असता, तरी दिसला असता." ते म्हणाले, "सुचलं नाही गं." मला ते खरं वाटत नाही. ज्यांना लिंबातून दिवा लावायला सुचायचं, त्यांना दोन गोधड्या सुचल्या नसतील? त्यांना टाळ्या हव्या होत्या आणि त्या त्याच दिवशी हव्या होत्या. बरं, ते एक वेळ मी समजू शकते. माणूस मोहात पडतो. पण सभेत? तिथं तर त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. "मला ठाऊक नाही," एवढं म्हटलं असतं तरी माझी आई वाचली असती. जिनं पहिल्यांदा तांब्या घासून पाणी दिलं, तिचाच त्यांनी केसानं गळा कापला.

त्यांनी माझा हात धरला. "मी येतो. स्वतः येऊन वहिनींना सांगतो. वस्तीसमोर सांगतो. मला तेवढं करू दे." त्याच रविवारी मी आईला हे सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "येतो बोललं ना? मंग येऊ दे." दुसऱ्या दिवशी तिनं ओटा सारवला. साखर आणली. पुढच्या रविवारी सर आले नाहीत, गुडघे धरले होते. मग पाऊस लागला. मग त्यांच्या बायकोचं ऑपरेशन. मग कोणाचं लग्न. मी फोन केला की "येतो गं, येतोच," असं म्हणून वेळ मारून न्यायचे. आई मला कधी विचारायची नाही. पण मी आले की पिशवी खाली ठेवायच्या आत माझ्या मागं कोणी येतंय का, ते वाकून बघायची. वस्तीतल्या बायकांना तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. मी सांगते म्हटलं तर म्हणाली, "तुज्या तोंडून नको. तू माजी पोर. त्यांच्या तोंडून येऊ दे." तिचं बरोबर होतं. सरांनी आपल्या तोंडानं तिला बुडवलं होतं, त्याच तोंडानं तिला वर काढायला हवं होतं.

त्यांना शेवटचं भेटले ते त्यांच्या शहापूरच्या घरी. खाटेवर होते, आवाज खोल गेला होता. मी मनाशी ठरवून गेले होते, की आज हट्ट करायचा; येता येत नसेल तर आईलाच गाडी करून इथं आणते, चार बायकांना घेऊन. त्यांनी माझ्या शाळेची चौकशी केली, दहावीचा निकाल विचारला, नव्या पुस्तकातल्या चुका दाखवल्या. मी सांगितलं, "सर, आई वाट बघतेय." ते भिंतीकडं बघत म्हणाले, "आता या वयात लोकांसमोर तमाशा कशाला... इतक्या वर्षांनी वहिनींनी कुठं मनात ठेवलं असेल?" मी उठले. दारापर्यंत गेले आणि तरीही, सवयीनं, मागं येऊन त्यांच्या पाया पडले. याचा मला राग येतो. त्यांचाही येतो आणि माझ्या त्या वाकण्याचाही.

शोकसभेला मी गेले होते. माझ्या आधी बोलणाऱ्या गृहस्थांनी सरांना 'खेड्यात हायड्रोजन करणारा ऋषी' म्हटलं आणि मग सभा हलकी करायला म्हणून ती गोष्ट सांगितली, की एका भोळ्या बाईनं त्यांच्या पिंपात शेण टाकलं आणि सरांनी कसं मोठ्या मनानं तिला माफ केलं. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून माइकपाशी गेले आणि म्हटलं, "शेण त्या बाईनं टाकलं नव्हतं, सरांनी टाकलं होतं. ती बाई माझी आई आहे." पुढं मला बोलू दिलं नाही. कोणीतरी म्हणालं, बाईंना दुःख सहन झालेलं नाही, त्यांना पाणी द्या. मला खरंच पाणी आणून दिलं. म्हणून हे सगळं लिहून काढलं.

इथपर्यंत लिहून मी ते घेऊन वस्तीवर गेले. आईला वाचून दाखवायचं होतं. ती म्हणाली, "मना एकलीला नको. पुनवेला सगल्या येतात विहारात, तवा वाच." म्हणून पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, बुद्धविहारात मी हे उभं राहून वाचलं. बायका खाली बसल्या होत्या. आई दारापाशी, भिंतीला टेकून. जिनं आमच्या दारात फोडणीची चेष्टा केली होती ती चांगुणाबाई आता फार म्हातारी झालीय. ती कानाशी हात धरून ऐकत होती. वाचून संपलं. मला वाटलं होतं कोणी रडेल, कोणी येऊन आईचा हात धरेल. तसं काही झालं नाही. सगळ्या खाली बघत होत्या. चांगुणाबाई म्हणाली, "आमाला ठावं होता गो अनसूये. पान्याला जाताना पायला होता आमी. सर पाटलाच्या खड्ड्यातना बादल्या भरून नेत होतं तुज्या घराकडं."

"कोनी कोनी पायला?" आईनं विचारलं. एकीनं मान वर केली, मग दुसरीनं.

"मंग त्या सभेत बोललाव का नाय?"

"सर होतं ते," चांगुणाबाई म्हणाली. "सरांना कसा बोलनार?"

आई भिंतीचा आधार घेऊन उठली. तिनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. या सगळ्यांबरोबर ती उभा जन्म ओढ्यावर गेली होती, त्यांच्या पोरींच्या बाळंतपणाला धावली होती. "आनि मी कोन होते गो?" ती म्हणाली. बाहेर खीर वाटायला सुरुवात झाली होती. ती न घेताच आई घरी गेली.